भिंतीची तहान

"हरेश्वर, पोराला रडू देऊ नकोस," धुरपदा दबक्या आवाजात लेकाला म्हणाली.

नव्या घराच्या भिंतींत किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ वाळवून भरलं होतं. भर उन्हाळ्यातही घर गारेगार राहायचं. बसवणाऱ्यांनी एकच बजावलं होतं, "हे शेवाळ मेलेलं नाही, झोपलंय. त्याला खारं पाणी लागू देऊ नका." पण धुरपदाच्या घराण्यात दर्याचं पाणी शिंपडल्याशिवाय कुणी नव्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिने कुणाला न सांगता तांब्याभर पाणी चारी भिंतींवर शिंपडलं.

आता भिंतींच्या भेगांतून हिरवे तंतू लोंबत होते. मिठाची बरणी त्यांनी सकाळीच चाटूनपुसून रिकामी केली होती.

पाळण्यात नातू मुसमुसला. गालावर आसू ओघळले, तसे सगळे तंतू पाळण्याकडे वळले. हरेश्वरने पोराला उचललं आणि तो बाहेर धावला.

"आये, चल लवकर!"

धुरपदाचे पाय जागीच खिळले. पोर सुटलं होतं, तरी तंतू तसेच चाचपडत होते.

तिला दरदरून घाम फुटला.

तंतू थांबले आणि सावकाश तिच्याकडे वळले.