ओली वाळू

“आधी वाळूत हात घाल, सूनबाई. पार कोपरापर्यंत. वरची वाळू गोड बोलते, खरं काय ते तळाशी.”

सासऱ्यांनी हे शिकवलं तेव्हा ती या घरात नवीन होती. आज सवयीने तिचा हात गॅरेजमधल्या वाळूच्या टबात गेला आणि तळाशी थबकला. वाळू गार लागली. मूठ भरून वर काढली तर तिचा गोळा झाला.

काल तिने स्वतः ही वाळू कढईत भाजून, चाळून ठेवली होती. आता खाली ओली होती आणि वर बोटभर कोरडी पसरलेली. चुकून असं होत नाही.

बाहेर अंगणात नवरा स्कूटरखाली आडवा होऊन जुना सायलेन्सर उतरवत होता. नव्या सायलेन्सरची नळी कापून तयार होती. तीत वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना बूच ठोकायचं, बर्नरने लाल करायची आणि इंजिनाच्या पोटाखालून वळेल अशी वाकवायची. आत वाळू असली की नळी चेपत नाही, आणि चेपली नाही तरच गाडी पळते. पण वाळू ओली असेल तर आत वाफ कोंडते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. वाकवणाऱ्याचं तोंड नेमकं समोर असतं.

काल शटर ओढलं होतं धाकट्या दिराने. ओढण्याआधी दोघा भावांची जुंपली होती. “तयार सायलेन्सर आणू, बसवू, मोकळे होऊ. विस्तवाशी खेळ हवाय कशाला?” दीर म्हणाला होता. नवरा हसला होता, “तुझ्या हाडांत आळस मुरलाय.” त्यावर दीर जाता जाता बोलून गेला, “एक दिवस ही वाळूच तुझं थोबाड फोडेल, दादा.”

तेव्हा ते रागाच्या भरातलं वाटलं होतं. आता ते शब्द तिच्या छातीत रुतले. शिवाय हल्ली त्याचं वागणं तिला खटकत होतंच. ऊन अंगावर आल्याशिवाय अंथरूण न सोडणारा माणूस, तो आपल्या घरून सगळ्यांच्या आधी इथे हजर व्हायचा. ती चहा घेऊन आली की घाईने टबावर झाकण टाकायचा. “काय चाललंय भाऊजी?” म्हटलं तर, “उंदीर मारतोय, वहिनी.”

आज मात्र अजून पत्ता नव्हता. आग लावणारा धुरापासून लांबच राहतो, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने देवाचं नाव घेतलं. संशय जागचा हलला नाही.

“अगं, वाळू आणतेस ना?” नवऱ्याने हाक मारली.

“आणते,” ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात दीर धापा टाकत आत शिरला. घामाने निथळत होता. भावाकडे नजर नाही, वहिनीला हाक नाही, थेट टबाकडे धावला. ती आडवी आली.

“हात लावू नका, भाऊजी. तळ बघितलाय मी.”

त्याचा चेहरा पडला. “दादाने नळी भरली नाही ना?”

“नाही. हुकला तुमचा डाव.” तिचा आवाज चढला नाही. “सख्खा भाऊ आहे तो तुमचा.”

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मधल्या दाराकडे, घराच्या बाजूला, मान वळवली.

दारात सासरे उभे होते. बाह्या दुमडलेल्या, गुडघ्यापर्यंत ओले, नखांत वाळू, हातात रिकामी बादली. “धुऊन ठेवली गं पोरी,” ते म्हणाले. “फार माती होती. ओल टिपायला वर कोरडी पसरलीये. आता लागू दे पोरांना कामाला.”

नवी वाळू आली की धुवायची, ओल टिपायची, मग भाजायची. त्यांचीच शिस्त. भाजायचं तेवढं हल्ली त्यांच्या आठवणीतून गळून गेलं होतं.

“कधी करतील नेम नसतो,” दीर कुजबुजला. “म्हणून लवकर येऊन मी भाजून ठेवतो. दादाला कळलं तर तो बाबांना इथे पाऊल टाकू देणार नाही. आज वाटेत टायर बसला.”

तिच्या मुठीत अजून तो गोळा होता. सासऱ्यांची नजर त्यावर गेली. मग कापलेल्या नळीवर. मग बाहेर, थोरल्याच्या पाठमोऱ्या खांद्यांवर. त्यांनी बादली खाली ठेवली.

“मी केलं हे?”

तिने मूठ उघडली आणि गोळा टबात सोडला.

“सूनबाई, ही दोन्ही गाढवं माझं मन मोडणार नाहीत. तू मोड. हे दार आजपासून या बाजूने बंद. मी शिव्या देईन, रडेन, जेवत नाही म्हणेन. उघडायचं नाही. वचन दे.”

“दिलं, बाबा.”

ते स्टुलावर टेकले. दिराने वाळू कढईत ओतली आणि शेगडी पेटवली.

“वाळू आणतेस की दळतेस?” बाहेरून नवरा ओरडला.

“जरा थांब, दादा,” दिरानेच उत्तर दिलं.

सासरे उठले. बाह्या वर सारल्या, बादली उचलली आणि नळाकडे वळले. “वाळू धुवायची राहिलीच की गं,” ते मायेने म्हणाले. “पोरं खोळंबलीत.”

तिने हात पुसले. त्यांच्या हातातली बादली अलगद काढून घेतली, मनगट धरलं आणि त्यांना मधल्या दाराशी नेलं. ते उंबरा ओलांडून आत गेले आणि ती मागून येईल म्हणून वळून थांबले.

ती अलीकडेच थांबली आणि आवाज न करता दार ओढू लागली.