विहिरीतला दोर

सीताबाईनं विहिरीतला दोर वर ओढून घेतला, तेव्हा खाली चौघंजण पोहत होते.

आधी त्यांच्या ध्यानातच आलं नाही. हिरालाल पाठीवर पडून तोंडातलं पाणी उंच उडवत होता. बाकीचे एकमेकांच्या अंगावर पाणी मारत होते. सीताबाईनं दोराचं वेटोळं केलं, उंबराच्या सावलीत ठेवलं. काठावर पडलेले चौघांचे कपडे गोळा केले, त्यांची गठडी वळली आणि ती त्यावर बसली.

"ए बाई, दोर काहून काढला?" हिरालालनं खालून विचारलं.

सीताबाईनं गठडी नीट बुडाखाली सारली.

वाशीमच्या शिवेवर, रुळापलीकडं सीताबाईच्या नवऱ्याचा, चंपत माळ्याचा हा मळा. विहीर खोल, तिला पायऱ्या नव्हत्या. उंबराला बांधलेल्या दोरानं उतरायचं आणि त्याच दोरानं चढायचं. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी तळाला गेल्या, आणि गावातली जवान पोरं इकडं पोहायला येऊ लागली. हिरालाल त्यांचा म्होरक्या. येताना वाफ्यातले मुळे उपटायचे, ओली धोतरं मेथीवर वाळत टाकायची, साबणाचा फेस पाण्यात सोडायचा, वर खाकरून त्यातच थुंकायचं. मळ्यातली माणसं तेच पाणी पीत होती. चंपत बोलायला गेला की हिरालाल हसायचा. "विहीर का तू वर जाताना संग नेशीन?" चंपत तसाच मागं फिरायचा. त्याचा भाजीपाला हिरालालच्या बापाच्याच अडतीवर जात होता.

हे सगळं सीताबाईनं गिळलं. जिजाचं मात्र तिला गिळता येईना.

जिजा तिची एकुलती एक पोरगी. चालायला लागली न लागली तोच बापानं पाठीवर घेऊन तिला पाण्यात नेलं होतं. आता पावसाआधी तिचं लग्न होतं. सासर जऊळक्याचं. तिथं सुनेनं विहिरीत उडी घेतली तर लोक भलताच अर्थ काढतील, हे जिजाला कळत होतं. म्हणून रोज दुपारी, मळा निजला की ती पोहून घ्यायची. जुनेरं नेसून उतरायची, कोरडं लुगडं काठावर ठेवायची.

अशाच एका दुपारी हे चौघं आले. ती पाण्यात आहे हे बघूनच त्यांनी उड्या टाकल्या. ती दोराकडं वळली की एकजण काठावरून तिच्यापुढं मुटक्याची उडी मारायचा. मग हिरालाल वर चढला. तिचं कोरडं लुगडं त्यानं पसरलं, त्यावर बसून पान लावलं आणि म्हणाला, "ये ना वर. लाजतं कायले?"

उन्हं कलेपर्यंत जिजा कपारीला धरून राहिली. बैलगाडीचा आवाज आला तेव्हा कुठं ते उठले. घरी आली ती ओल्या जुनेरानंच. लुगड्यावर पानाची पिंक होती. त्या दिवसापासून ती विहिरीकडं फिरकली नाही. घागर भरायलासुद्धा नाही. चंपतनं ऐकलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "जाऊ दे. लगन तोंडावर आलं, बोभाटा कायले करा?"

सीताबाईनं नवऱ्याशी वाद घातला नाही. ती वाट पाहत राहिली. आज चंपत आसेगावला पाहुण्यांकडं गेला होता.

दुपारची गाडी शिटी देऊन गेली. विहिरीतलं हसणं थांबलं. चौघांनी एकेक कपार धरली. 'ए बाई'ची आता 'मावशी' झाली होती. एकानं दगडाला पाय लावून चढून पाहिलं आणि शेवाळावरून घसरून धपकन पाण्यात पडला. दुसरा हिरालालवर उखडला, "तुह्याच्यानं झालं हे." सीताबाई ऐकत होती. महिनाभर तिला असं गार वाटलं नव्हतं.

सावल्या लांबल्या. हिरालालचा आवाज बसला होता.

"माय, पाया पडतो. दोर सोड. बोटं आखडून राह्यली."

"माह्या पाया पडून काय होते? जिच्या पडाले पाह्यजे ते घरात हाये."

तिनं हाक मारली. जिजा आली, पण दुरूनच थबकली. सीताबाईनं तिला हाताला धरून काठावर आणलं. खाली चार तोंडं वर झाली. दिवसभर पाण्यात राहून ती पांढरी पडली होती.

"बाई, चुकलं आमचं," हिरालाल म्हणाला.

"बोल पोरी," सीताबाई म्हणाली. "तू म्हनशीन ते यायच्या तोंडून वदवतो. म्हनशीन तर रातभर ठेवतो."

लेकीसाठी तिनं शिव्या जमवून ठेवल्या होत्या. जिजाच्या तोंडून त्या ऐकायला तिचे कान आसुसले होते. पण जिजा कुणाकडं बघतच नव्हती. तिची नजर पाण्यावर होती. पाहता पाहता तिनं पदर कमरेला खोचला, कासोटा घट्ट केला.

"माय, यायले कडेले सरकाले सांग."

"काहून?"

"मंधात हायेत."

सीताबाईला सांगावं लागलं नाही. खाली चौघंही भिंतीला चिकटले. जिजानं काठावरून सूर मारला. बराच वेळ पाणी नुसतं हलत राहिलं. मग ती बरोबर मधोमध वर आली, तोंडावरचे केस मागं सारले आणि हात टाकत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निघाली. चौघांच्या नाकासमोरून गेली, वळली, पुन्हा आली. तिला कसलीच घाई नव्हती.

"माय, आता तरी दोर सोड," हिरालाल रडकुंडीला येऊन म्हणाला.

सीताबाईनं दोराचं वेटोळं मांडीवर घेतलं.

"थांब," ती म्हणाली. "माही पोरगी पोहून राह्यली."