खरी मजा पुलापलीकडे

खिडकीखालच्या बारवाल्यांनी शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या झोपेचं पार खोबरं केलं होतं. म्हणून कुणी परगावच्याने दुकानाशी थांबून "चांगलं खायला-प्यायला कुठे मिळेल?" असं विचारलं, की त्या सुईत दोरा ओवता ओवता सांगायच्या, "इथे काय ठेवलंय? पुलापलीकडे जा. खरी मजा तिकडे." माणसं मुकाट जायची. तरी गल्लीतली गर्दी काही हटेना.

आज भरसंध्याकाळी पाच-सहा पोरं दारात येऊन बारची वाट विचारू लागली, तेव्हा मावशींचा तोल सुटला.

"तुम्हाला इथे मरायला पाठवलं तरी कुणी?"

"पुलापलीकडच्या घड्याळवाल्या काकांनी," एकजण चाचरत म्हणाला. "डोळे तुमच्यासारखेच तारवटलेले होते त्यांचे. म्हणाले, इथे काय ठेवलंय?"