पापणीवरची गाठ

शांतिनाथ मगदुमांच्या पापणीवर वाटाण्याएवढी गाठ आली, तेव्हा सगळ्या गल्लीनं ती रांजणवाडी ठरवून टाकली. बायकोनं, गुणमालानं, लवंग उगाळून लावली, गरम फडक्यानं शेकलं. शेवटी गावातल्या दवाखान्यात गाठ काढली, तर वर्षाच्या आत ती पुन्हा त्याच जागी हजर!

सांगलीच्या डॉक्टर दीपालींनी या वेळी गाठ काढून तपासायला पाठवली. कॅन्सर असलाच तर तो शरीरात दुसरीकडून तर आला नाही ना, म्हणून सगळं अंगही तपासून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत शांतिनाथ आपल्या हळदीच्या दुकानाकडं फिरकले नाहीत. नवऱ्याला दिसू नये म्हणून गुणमाला न्हाणीत जाऊन रडायची.

रिपोर्ट आला.

"गाठ कॅन्सरची होती," डॉक्टर म्हणाल्या, "पण घाबरू नका. फार हळू वाढणारी होती, मुळासकट निघाली आणि कुठं पसरलेलीही नाही. फक्त अधूनमधून दाखवायला येत जा. अशी गाठ फार क्वचित बघायला मिळते. पापणीतल्या घामाच्या ग्रंथीतून होते ती."

शांतिनाथांनी हात जोडले. गुणमालानं पदरानं डोळे पुसले आणि हसता हसता ती एकदम गंभीर झाली.



"आवं डॉक्टरबाई, रिपोर्ट दुसऱ्या कुनाचा तर न्हाई न्हवं? लगीन झाल्यापासनं ह्यांना घाम आलेला मी कवा बघितलाच न्हाई!"