प्रमाण पाठ

म्हादबा गोंधळ्यानं संबळावर काडी टाकून जोगूबाई देवीला हाक दिली, तशी देवळातली गाणी वाजवणारी यंत्राची पेटी लाल झाली आणि त्याच्याच दहा वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाली, "कडवं चुकलं. प्रमाण पाठ ऐका."

डॉक्टर केतकी सबनीस गोड हसल्या. विद्यार्थिनी असताना त्यांनी एका दुपारी म्हादबाला ओसरीवर बसवून गाणं भरून नेलं होतं. आता चाळीस गावांच्या जत्रांत त्याच गाण्याची पेटी गात होती आणि गोंधळ्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

"बाबा, वयानं विसरताय तुम्ही. 'ऊठ आई' नाही, 'नीज आई' आहे. माझ्या प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण आहे."

म्हादबा त्यांच्याकडे बघतच राहिला. एवढं शिकून माणूस इतकं कोरं राहतं कसं?

"बाई, जत्रा नसताना आईला उठवत न्हाईत. म्हणून शिकवताना आम्ही 'नीज आई' म्हणतो. आमचं शेंबडं पोरबी हे जाणतंय. तुम्ही इचारलंच न्हाई, नुसती पेटी धरली तोंडापुढं."

सबनीसबाईंचं हसू मावळलं.

"दहा वरसं झाली," संबळ खांद्याला अडकवत तो म्हणाला, "चाळीस गावं नवस बोलत्यात, नारळ फोडत्यात, आन् तुमची पेटी आईला अंगाई म्हणतीय."