शेंदराचा दगड

सुरुंगांच्या हादऱ्यांनी रखमाबाईच्या घराला तडे गेले, तेव्हा तिनं खाणीतलाच काळा दगड उचलला, त्याला शेंदूर फासला आणि घरामागच्या, खाण पोखरत आलेल्या टेकडीच्या कातळावर मांडला. शेंदूर बघताच कामगारांनी ड्रिलिंग बंद केलं. देवाच्या बुडाखाली सुरुंग कोण लावणार? महिनाभर टेकडी गप्प होती. मग खाणीचा मालक, तिचा सख्खा पुतण्या दौलत, आला. चपला काढून त्यानं नारळ फोडला. “काकी, तुझा देव जागृत हाय गो! उन्हात कशाला ठेवायचा? मानपाड्याला रस्त्यालगत देऊळ बांधलंय. न्यायचा मान तुझाच.” देव आपणच बनवलाय, हे ती आता गावाला कुठल्या तोंडानं सांगणार? बायका तिच्या पाया पडल्या. बेंजोच्या तालावर तिला घेऊन टेम्पो निघाला. वळणावर पोचताच मागं खाणीत सुरुंगाआधीचा भोंगा वाजला. सवयीनं सगळ्यांनी कानांत बोटं घातली. रखमाबाईच्या दोन्ही हातांत देव होता.