डाग

सासूनं चुलीतून विळा बाहेर काढला तेव्हा त्याचं टोक लालबुंद झालं होतं.

"पोट फुगलं पोराचं, डाग द्याच लागते. धर त्याचे पाय," ती सुगंतीला म्हणाली.

सुगंतीनं मागच्या वर्षी असेच लेकीचे पाय धरले होते. पोटावरचे डाग पिकले, अंग तापानं फणफणलं, आणि हातपाय थंड पडल्यावर दवाखान्यात नेलेली लेक परत आली नाही. डागांचं विष रक्तात भिनलं, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या.

या वेळीही तिनं पाय धरले. पण विळा पोटाजवळ आला आणि तिनं तो मुठीत पकडला. कातडी चरचरली, घरभर जळका वास सुटला. सासू हिसके देत राहिली, पण मूठ सुटली नाही. शेवटी तिनं सासूला कुडावर ढकललं, विळा अंगणात भिरकावला आणि पोराला काखोटीला मारून दवाखान्याकडे धावत सुटली.

डॉक्टरांनी पोराचं झबलं वर केलं. पोट फुगलेलं होतं, पण त्यावर व्रण नव्हता. तरी त्यांनी दरडावून विचारलं, "घरी डाग दिला का?"

"दिला," सुगंती म्हणाली आणि तिनं मूठ उघडली.